टीममधून काढलेली मुलगी

सोमवार, ४

संपादकबाईंनी काम गळ्यात मारलं. सुपरहिरोंच्या टोळ्यांचे दोन चित्रपट एकाच आठवड्यात लागलेत. "तुलना करा. पोरं एवढी वेडी का होतात ते सांगा. आणि उगाच म्हाताऱ्यासारखं नाक मुरडू नका." रविवारची पुरवणी गुरुवारीच छापून होते, म्हणजे बुधवारी संध्याकाळी लेख हवा.

लेकीला विचारलं, उद्या शाळेला सुट्टी आहे, येतेस का? चौदा वर्षांची आहे. हल्ली शाळेतून आली की खोलीचं दार लावून घेते. काय झालं विचारलं तर "काही नाही." चक्क हो म्हणाली.

मंगळवार, ५

सकाळी एक, दुपारी दुसरा. कान अजून वाजतायत.

पहिल्यातली मंडळी एकमेकांची सालटी काढतात, विनोद करतात, मधल्या वेळात इमारती पाडतात. पोरांनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्यातले सगळे सुतकी चेहऱ्याचे — प्रत्येकाला एक जखम, प्रत्येकाचं एक भाषण. मध्यंतरानंतर ते आपल्यातल्याच एका मुलीला हाकलतात, गुपित फोडलं म्हणून. शेजारी बघितलं तर लेक रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी.

बसमध्ये विचारलं, कुठला आवडला?

"पहिला. कितीही भांडले तरी जेवायला एकत्र बसतात. दुसऱ्यातले स्वतःला फार शहाणे समजतात."

मग खिडकीबाहेर बघत — "आमच्या ग्रुपनेपण एकीला काढलं. कोणी बोलत नाही तिच्याशी. ती जिन्यात बसून डबा खाते."

"एकीला" म्हणाली, पण मी बाप आहे. कळायचं ते कळलं. चित्रपटांवर तासभर बोलता येतं मला. इथे "होईल ठीक" एवढंच सुचलं. तिने मान हलवली, माझी कीव केल्यासारखी.

बुधवार, ६

सकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, शाळेत जाऊ. मी म्हणालो, नको, त्या पोरींना आणखी चेव येईल. मग दोघंही चहा गार करत बसलो.

लेख बसेना. पटकथा, मारामाऱ्या, कोणाचं संगीत बरं — सगळं नीट आणि सगळं मेलेलं. शेवटी तो परिच्छेद लिहिला: मैत्रिणींनी काढून टाकलेली एक मुलगी जिन्यात बसून डबा खाते, तिला पडद्यावर काय बघायचं असतं? भांडण झालं तरी तिची खुर्ची राखून ठेवणारी माणसं. नाव घातलं नाही. माझी मुलगी, असंही लिहिलं नाही.

वेळेत पाठवला. आजवर कधी उशीर केलेला नाही.

गुरुवार, ७

बाईंचा फोन. "अहो, तो परिच्छेद! मथळाच तिथून काढला — 'टीममधून काढलेली मुलगी'."

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तिला विचारलंस?"

नाही विचारलं. मनातही आलं नाही. लेखात काय बसतंय एवढंच बघायची सवय.

बाईंना उलट फोन केला, तो परिच्छेद काढता येईल का?

"आता? गठ्ठेसुद्धा बांधून झाले."

शुक्रवार, ८

आज लेकीला सांगायचं होतं. सांगितलं नाही.

शनिवार, ९

दारावर टकटक केली. लेख अगदी जिभेवर होता. तोंडातून निघालं, "आइस्क्रीम आणू?"

"नको. आणि बाबा, तू असा का बघतोयस माझ्याकडे? मला काय आजार झालाय?"

हसलो. दुसरं काय करणार?

रविवार, १०

पेपर लपवला नाही, टेबलावरच ठेवला. तिने उभ्याउभ्या वाचला. मी माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती — तुला न विचारता तुझं दुःख छापलं, वगैरे.

"बाबा, ही मी नाही."

"मग?"

"हिला मी काढलं. हिच्याशी बोलायचं नाही, असं बाकीच्यांना मीच सांगितलं."

पेपरची घडी करून माझ्या हातात दिली.

"तिच्या घरीपण हाच पेपर येतो."