हालिनाबाईंच्या माहेरची शेगडी

ती. वैजयंतीआत्यांना,

नॉटिंगहॅमहून अपूर्वचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या स्लाऊत म्हणे बर्फ पडला. हीटिंग लावत जा. स्वेटरवर स्वेटर चढवून गॅस कंपनीला धडा शिकवणं आता सोडा. मी कालच पोलंडहून परतलो. अगाता अजून तिकडेच आहे. आमच्या घरदुरुस्तीची हकिगत फॅमिली ग्रुपवरून (म्हणजे तिखटमीठ लागून) तुमच्याकडे पोहोचण्याआधी मीच लिहितो.

घर म्हणजे अगाताच्या आईचं, हालिनाबाईंचं, माहेर. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे असायच्या, म्हणजे खिडकीपाशी बसलेल्या असायच्या. फारसं बोलायच्या नाहीत. ते घर रिकामं पडलेलं, म्हणून डागडुजी करून विकून टाकावं असं आम्ही ठरवलं. विचारल्यावर त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि आम्हाला ती परवानगी वाटली. आम्ही दोघं सुट्टी काढून गेलो. तिथल्या एकुलत्या एका दुकानात मी पोलिशमध्ये खिळे मागितले, तर दुकानदार बाईंनी लवंगा दिल्या (दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे आहेत). परत द्यायची लाज वाटली, म्हणून त्या दिवशी दुरुस्तीऐवजी मसालेभात झाला.

मधल्या खोलीत हिरव्या टाइल्सची, छताला भिडलेली शेगडी होती. पूर्वी सगळं घर तिच्यावर तापायचं. तिने अर्धी खोली अडवलेली, म्हणून मी गवंड्याला म्हटलं, काढून टाका. वरच्या रांगा उतरवून झाल्या आणि बघतो तर दारात हालिनाबाई! कुणाला न सांगता एकट्या विमानाने आलेल्या. ओरडल्या नाहीत. कोटही न काढता ढिगाशेजारी बसल्या आणि एकेक टाइल पदराने पुसावी तशी स्कार्फने पुसू लागल्या. अगाताने हात धरला तेव्हा म्हणाल्या, "शेवटच्या हिवाळ्यात माझी आई हिलाच पाठ टेकून बसायची. घर विका. पण हे माझ्यादेखत मोडू नका." अगाता रडायला लागली. मी गवंड्याकडे पाहिलं. त्याने मला काही न विचारता शेगडी परत रचायला घेतली.

ती पेटवली त्या दिवशी धुराड्यात कावळ्याचं घरटं निघालं. घरभर धूर! आम्ही सगळे खोकत बाहेर बर्फात पळालो. तिथे माझं काळं तोंड बघून हालिनाबाई हसल्या. आत्या, सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग म्हणाल्या, "मी इथेच राहणार." घर विकायचा विषय तिथेच संपला.

तब्येतीला जपा.

तुमचा,
अपूर्व

ता. क. गुडघ्याला चोळायचं तेल वेगळं पाठवतो आहे.

आणखी एक ता. क. खरं काम आता लिहितो. अगाताला नोकरीवर परत यायचंय, आणि आईला एकटं सोडायचा तिला धीर होत नाही. आमच्या लग्नात तुम्ही दोघींनी एकमेकींचा शब्दही न कळता दिवसभर गप्पा मारल्या होत्या. काका गेल्यापासून तुम्हीही एकट्याच. हिवाळ्यापुरत्या जाल त्यांच्याकडे?

शेवटचा ता. क. त्यांनी तुमच्यासाठी खोली रंगवूनसुद्धा ठेवली आहे. पिवळी. तुम्ही येणार नाही हे पोलिशमध्ये कसं म्हणतात ते मला येत नाही, आणि अगाता शिकवायला तयार नाही.