जांभळ्या पिटुनियावरची जाळी

मी, या घराची थोरली सून, वय एकाहत्तर, गुडघे सोडता धडधाकट व पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. जावेच्या दडपणाखाली तर मुळीच नाही.

१. माझ्या वाट्याचे अर्धे घर व बँकेतील ठेव मुलीस मिळावी. घर विकले तरी हरकत नाही, मात्र धाकट्या जावेला विकू नये.

२. माझ्या जांभळ्या पिटुनियाला पुष्पप्रदर्शनात नऊ वर्षे पहिला क्रमांक मिळाला. नवव्या वर्षी बक्षीस घेऊन आले, तेव्हा धाकटी जाऊ कुंपणापलीकडून म्हणाली, "ताई, या जातीला स्वतःचा पराग चालत नाही हो. माझ्या पांढऱ्या फुलांवरून मधमाश्या येतात, म्हणून तुमच्याकडे बी धरतं." ती शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, सहज बोलली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दरवर्षी काही रोपांना पांढरी फुले येत, ती मी गुपचूप उपटत असे, हेही येथे कबूल करते.

यांच्या आजारपणात उशाशी फुले असत ती तिचीच. "तिच्या फुलांना वास आहे गं," असे हे म्हणाले होते. ते मला अजून पचलेले नाही.

३. धाकटीच्या त्या परागाच्या बोलण्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी वाफ्यावर बारीक जाळी ताणली, तिच्याकडच्या मधमाश्या नकोत म्हणून. उमलण्याच्या दोन दिवस आधी कळी चिमट्याने उघडून त्याच झाडाचा पराग लावला, तर झाड फसते व बी धरते. सहा वर्षे तसेच केले. रोपे खुरटत गेली. फांद्या लावून पाहिल्या, त्या कुजल्या. यंदा चार रोपे उगवली, एकच जगले. त्याचे फूल शर्टाच्या बटणाएवढे. मुलीला मी कीड लागल्याचे सांगितले. कीड नव्हती, माझा जळकेपणा होता.

४. ते झाड धाकटीस द्यावे. तिच्या फुलांचा पराग मिळाला तरच त्याचा वंश राहील. प्रदर्शनात पाटीवर तिचे नाव घालू नये.

५. फूल तीन-चार दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, सुतक फिटेपर्यंत ते वाळून जाईल. म्हणून मला घराबाहेर नेण्याआधी जाळी काढावी. वकील म्हणाले, "बाई, मग आजच काढा की!" काढता येईल. पण धाकटी समोरच गच्चीवर बसलेली असते. ती बघेल आणि मदतीला धावत येईल. तेवढे मला सोसणार नाही.

ठिकाण: घराची मागची खोली
दिनांक: अकरा फेब्रुवारी
सही: थोरली

आमच्यासमोर सही केली:
१. वकील
२. घरचे डॉक्टर