धुरातबी दिसणारी खूण

बाबा, आज आपल्या जुनवानीच्या घरात भाजी परतताना माझा तळहात आपोआप आडवा हलला. क्रेन थांबवायची तुमची खूण. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मिलच्या गोंगाटात तुम्ही खालून हातवारे करायचात आणि वरचा क्रेनवाला तेवढ्यावर तापलेलं लोखंड उचलायचा. घरी जेवतानाही तेच चालायचं. बोट वर म्हणजे आणखी वरण, तळहात आडवा म्हणजे पुरे. एकदा मी आळसाने दोन्ही खुणा सारख्याच केल्या, तर केवढे रागावलात! "खूण धुरातबी वेगळी दिसली पायजे. नाई तं खालचा माणूस मरते." वरण ताटाबाहेर गेलं होतं आणि मी मुसमुसत होते. पुढे कोडिंग थिअरी, म्हणजे संकेतांचं गणित, शिकायला बसले, तर पहिल्याच तासाला तुमचंच बोलणं निघालं: संकेत एकमेकांपासून इतके दूर ठेवा, की वाटेत बिघडले तरी ओळखू यावेत.

मग तुम्हाला लकवा मारला. वाचा गेली, उजवा हात गेला. डावा असा थरथरायचा की सगळ्या खुणा एकमेकींत मिसळून गेल्या. मान तेवढी हलायची, हो किंवा नाही. रोज त्या डाव्या हाताने तुम्ही तीच एक न ओळखू येणारी खूण करता आणि मी विचारत सुटते, पाणी? कूस बदलून देऊ? खिडकी? नाही, नाही, नाही. आई विचारते, "दुखून राहिलं का जी? पोरीले काई सांगाचं हाय का?" ह्या शेवटच्याला तुम्ही जोरात मान हलवता. हो. पण काय, हे विचारता विचारताच तुम्ही गेलात.

माझ्या विषयाचं सगळं दुखणं हेच आहे, बाबा. उत्तर कुणी हातात दिलं तर तपासणं सोपं, शोधायला मात्र जन्म पुरत नाही. तुमच्यामागे मी तेच काम धरलं. आम्ही सगळे जे प्रश्न कठीण मानतो ते खरंच कठीण असतील, तर काही संकेत एकदा बिघडल्यावर त्यांच्या जवळपासचा अर्थसुद्धा कुठल्याच झटपट रीतीने सापडणार नाही, हे मी सिद्ध केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आईला म्हटलं, बाबांची ती खूण ओळखणं कुणालाच जमलं नसतं. ती म्हणाली, "मंग तुले बरं वाटलं का?"

नाही वाटलं. कशानेच वाटत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. माझ्या त्या सिद्धतेत कुणाला तरी चूक सापडावी, म्हणजे तुमची खूण अजूनही उलगडू शकेल, याची मी वाट बघते आहे. अजून कुणाला सापडलेली नाही.