रानजाईची भिंत

प्रिय दादा,

हातावरचे फोड बरे झाले का? बाबा रोज विचारतात, म्हणून आधी तेच विचारतो.

मागची भिंत अजून पांढरीशुभ्र आहे. तू रंगारी, काम चोखच करणार. मी बाबांनी विणलेल्या टोपल्या पोचवून आलो, तेव्हा तुझा रंगाचा दुसरा हात चालला होता आणि भिंतीवरची रानजाईची वेल फुलांसकट दाराशी ढीग होऊन पडली होती. मधमाश्या त्या ढिगावरच घोंघावत होत्या. "म्हातारा बघतच राहील बघ!" असं तू म्हणालास. बाबांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, हे मी तुला आधीच कळवलं होतं.

ते भिंतीपाशी आले, तळवा फिरवला. रंग ओला होता. "छान केलंस," म्हणाले. मग तुझ्या हातांना तेल लावत बसले, कारण हिरवी वेल उघड्या हातांनी ओढली की तिचा रस कातडी भाजतो. "कसलं विषारी झाड पाळलंत!" म्हणालास. याच झाडाची पानं मुठीत चुरडून आई अर्धशिशीला हुंगायची. वेलीला कोयता कधी लावायचा हेही तू विसरलास. फुलं झडावीत, बियांची पांढरी पिसं वाऱ्यावर जावीत, पाखरांनी घरट्यांसाठी हवी तेवढी न्यावीत, मग. तेव्हा वेल पक्की होते, भिजवली की वळते. फुलांवर असताना तोडलेली नुसती मोडते. त्या ढिगातून एक तरी टोपली निघते का, मी पाहिलं. नाही निघाली.

बाजारातून वेत आणू का, असं बाबांना विचारलं. "नको रे, माझ्या बोटांना तो ओळखीचा नाही," म्हणाले. तेव्हापासून गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसतात. तुझा निरोप आला, "बाबांना रविवारी घेऊन जातो, तसंही तिथे त्यांना करायला काय उरलंय?" ते लगेच हो म्हणाले. दादा, उरलं होतं ते तूच तोडलंस. माझी शाळा अर्धवट राहिली, म्हणून मी शब्द तपासून लिहितो. हा शब्दही तपासला. तोडलंस.

त्यांची पिशवी मीच भरली, औषधं वर, कपडे खाली. काल पाणी ओतताना बुंध्यापाशी बोटभर कोंब दिसला. सांगावं की नाही, या विचारात माझा दिवस गेला. टोपलीजोगी वेल व्हायला दोन-तीन वर्षं तरी लागणार. उगाच आशा कशाला लावायची? तरी आज सकाळी त्यांचा हात धरून तिथे नेलं. बराच वेळ दोन बोटांनी चाचपत राहिले. मग घरात गेले आणि पिशवीतले कपडे एकेक करून खुंटीवर लावले. रविवारी येऊ नकोस, हे कळवायला हे पत्र. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "कोंबाला काठी लाव. भिंतीला टेकू देऊ नकोस, दादाचा रंग खराब होईल."

रागावलेला, तरी तुझाच,
धाकटा