परत मागितलेलं वाण

प्रिय सुहास,

फेब्रुवारीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहून त्याचे फोटो निहारला पाठवतेय. प्रिंट काढून आईच्या हातात दे, असं तुझ्या लेकाला बजावलंय. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

इथे टूसॉनमध्ये पारा एकशे आठ फॅरनहाइटवर आहे. शुक्रवारी जोराचा वारा सुटणार म्हणून वणव्याच्या धोक्याची रेड फ्लॅग वॉर्निंग लागलीय आणि आज मंगळवार. दर तासाला मागच्या दारी जाते, डोंगरावर धूर दिसतो का बघते. गेल्या जूनमध्येही असाच वारा होता. कुणाच्या तरी ट्रेलरची साखळी रस्त्याला घासली, ठिणगी उडाली, आणि कोरड्या ओढ्यातल्या वाळक्या गवतावरून आग बघता बघता उतारावर चढली. तुझ्या स्वयंपाकघरातून दिसायचे ते शंभर-दीडशे वर्षांचे, खांबासारखे सग्वारो निवडुंग आठवतात ना? आतून शिजले गं ते. काही अजून उभे आहेत, पण तेही पडणार, असं अनया म्हणते.

अनया म्हणजे माझी भाची, तू तिला दातांना ब्रेसेस लावलेली पाहिलीयस. आता ती या जळलेल्या डोंगरावर पुन्हा झाडं लावणाऱ्या टीममध्ये आहे. तिनं मला समजावलं, वाळवंटातली झाडं लांब लांब उभी असतात, मधे उघडी माती असते, त्यामुळे आगीला पुढे जायला वाटच मिळत नाही. बाहेरून आलेलं गवत नेमकी तीच जागा भरतं. जळलं तरी सगळ्यांच्या आधी पुन्हा तेच उगवतं. तुझ्या घरामागच्या उतारावर तिच्या टीमनं पालोव्हर्देच्या झाडांच्या सावलीत सग्वारोची दोनशे रोपं लावलीत. बोटाच्या पेराएवढी आहेत, आणि तेवढं व्हायलाही त्यांना वर्षं लागलीत.

आणि ते गवत या गल्लीत आणलं कुणी? मी! माझं ते संक्रांतीचं हळदीकुंकू आठव. सगळ्या जणी स्टीलच्या वाट्या लुटायच्या, मला मेलीला काहीतरी जगावेगळं करायची हौस. जांभळ्या तुऱ्यांच्या त्या गवताची रोपं कागदी कपांत वाढवली आणि एकतीस जणींना वाण म्हणून दिली. ना पाणी मागत ना खत, म्हणून किती कौतुक करून घेतलं! ओढ्यातलं सगळं माझ्यामुळेच आलं असं अनया म्हणत नाही, नर्सरीवाल्यांनीही ते ढिगानं विकलंय. पण माझ्या अंगणातून ते ओढ्यात कसं उतरलं, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

दिवाळीपासून दारोदार फिरतेय. दिलेलं वाण परत मागायचं, कुठल्या तोंडानं मागणार? शोभनानं आधी मला वेड लागलंय का विचारलं, मग हळदीकुंकू लावून, ओटी भरून, मुळांसकट गड्डा हातात दिला. मी गाडीत बसून रडले. तीस घरं झाली. तुझं राहिलंय.

फेब्रुवारीत विचारलं तेव्हा तू म्हणालीस की हे गेले, घर सुटलं, आता त्यांचं गवतही उपटणार का, आणि फोन आपटलास. शेवटच्या उन्हाळ्यात भाऊजी रोज संध्याकाळी त्या गवतापाशी खुर्ची टाकून बसायचे, तुऱ्यांवरून हात फिरवायचे, म्हणून तू भाडेकरूंनाही त्याला हात लावू दिला नाहीस. आता भाडेकरू गेलेत. कुंपणापर्यंत चाळीसेक गड्डे वाळून खडखडीत झालेत, कुंपणापलीकडे अनयाची रोपं. तुझ्या परवानगीशिवाय तिच्या टीमला आत पाऊल टाकता येत नाही. किल्ली माझ्याकडे आहे. काल पहार घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

परत आले, कारण चार वर्षं तुझ्यापासून एक गोष्ट लपवलीय. सुहास, भाऊजी त्या तुऱ्यांना कुरवाळत नव्हते. बी उडायच्या आत ते तुरे खुडत होते. खुर्चीखाली झिपलॉकच्या पिशव्या कशाला, म्हणून तू चिडायचीस ना? त्या भरून ते मला टाकायला द्यायचे. हे गवत पसरतं आणि आग घेऊन येतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मला म्हणाले, विनीता, माझ्यात खणायची ताकद नाही, तुम्ही हे उपटून टाका, सुहासला आत्ता सांगू नका. तुला त्या दिवसांत घरातली वस्तू इकडची तिकडे झालेली खपत नव्हती. आणि मी? माझ्या वाणाला नावं ठेवतात म्हणून रुसले! हो म्हटलं आणि उपटलं नाही. ते गेल्यावर तुला सांगायची लाज वाटली. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुझ्या होकाराची वाट बघेन. आला तर अनयाची माणसं तयार आहेत. नाही आला तर मी एकटी जाऊन जमेल तेवढं उपटेन, मग जन्मभर बोलू नकोस. त्यांनी मला सांगितलेलं काम आहे ते.

तुझीच, अजूनही,
विनीता