तारखेची धर्मशाळा

२४ सप्टेंबर, बुधवार

आज बाबांनी आईला हाक मारली. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा. पण नावानं नाही. म्हणाले, "एक मे!"

आई कणीक मळत होती, तशीच भरल्या हातानं बाहेर आली. "काय म्हणते व हा माणूस?" बाबांनी तिच्याकडे बोट केलं आणि पुन्हा तेच. मग तिच्या लक्षात आलं. एक मे ही त्यांच्या लग्नाची तारीख. दरवर्षी त्या दिवशी बाबा म्हणायचे, महाराष्ट्र झाला त्या तारखेला लग्न केलं, तरी राहिलो मध्य प्रदेशातच. आई कोपरानं डोळे पुसत हसायला लागली. "तारखेनं का होईना, बोलावलं तर!"

संध्याकाळी धाकटा भाऊ अंकुश बोरगावच्या कंपनीतून घरी आला, तर त्याला "नऊ ऑगस्ट". त्याच्या बायकोला, प्रज्ञाला, "तीन जानेवारी". दोघांचे वाढदिवस!

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं — बोलणं गेलं तरी पाढे, महिने, तारखा असं पाठ झालेलं कधीकधी मागे राहतं. बाबांकडे तेच सगळ्यात जास्त होतं. घरासमोरच्या विहाराच्या भिंतीवरच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष तेच लिहायचे. आता शाळेत जायच्या आधी मी लिहिते. आजचे दोन: १८७३, सत्यशोधक समाजाची स्थापना. १९३२, पुणे करार. एक उमेदीचा दिवस, एक मन मारून केलेल्या सहीचा. दोन्ही एकाच तारखेत. बाबांना हे फार आवडायचं. म्हणायचे, "तारीख म्हणजे धर्मशाळा आहे, अर्चना. मोठाले लोकं तिथंच उतरतात, अन् आपणही."

माझा वाढदिवस अकरा एप्रिल, महात्मा फुल्यांच्या जयंतीचा. विसरायला कठीण. वाट पाहते आहे.

२५ सप्टेंबर

नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी होती म्हणून बाबांना मीच जेवू घातलं. वरणभात कालवून. त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला असतो. मी हळूच म्हटलं, "बाबा, अकरा एप्रिल?" त्यांनी मान हलवली, नाही. जरा चिडलेच. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "चौदा ऑक्टोबर."

अंकुश दाढी करत होता, तो साबणाच्या तोंडानं धावत आला. "ऐकलं का ताई? बाबाले दीक्षाभूमीवर जायचं आहे!"

आमच्या घरात चौदा ऑक्टोबरला दुसरा अर्थच नाही. १९५६ साली त्या तारखेला नागपुरात धम्मदीक्षा झाली. बाबा तेव्हा आजीच्या कडेवर होते, तिथे. त्या दिवशी दसरा होता, म्हणून लोक दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जातात. यंदा दसरा दोन ऑक्टोबरला. अंकुशनं लगेच मित्राच्या गाडीसाठी फोन लावला.

सगळे खूश. मीही. बाबांना काहीतरी हवं आहे, हेच केवढं!

पण सगळ्यांना तारीख मिळाली आणि मला नाही. शेहेचाळीस वर्षांची बाई मी, शाळेत पोरांना मराठी शिकवते, आणि एका हाकेसाठी रुसते.

३० सप्टेंबर

प्रज्ञा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ताई, मनाले नका लावू. बाबा काही मुद्दाम नाही करून राहिले." म्हणजे तिच्याही लक्षात आलं आहे.

खरंच मुद्दाम नसेल. मनातलं कुणाला वाचता येतं? पण या घरात मी परत आलेली मुलगी आहे. लोधीखेड्याचं सासर सोडून आले, त्याला किती वर्षं झाली. कुणी कधी एक शब्द काढला नाही. आईनं नाही, बाबांनी तर नाहीच. त्या न काढलेल्या शब्दाचीच मला भीती वाटते. माणूस आजारी पडला की मनावरचं झाकण निघतं म्हणतात. बाबांच्या मनात जागा थोडी उरली असेल, आणि तेवढ्या जागेत मी बसत नसेन तर?

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा, गांधी जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन. एका तारखेत एवढी गर्दी! फळ्यावर अक्षरं बारीक काढावी लागली.

तिगावच्या शाळेत गांधी जयंतीचा कार्यक्रम होता, म्हणून मला जाता आलं नाही. सकाळी गाडीत बाबांना बसवताना त्यांनी डाव्या हातानं माझी ओढणी धरून ठेवली. "चौदा ऑक्टोबर. चौदा ऑक्टोबर." अंकुश म्हणाला, "हो बाबा, तिथंच जाऊन राहिलो ना आपण!" त्यानं त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

रात्री आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. गर्दी खूप. पोरांनी बाबांची खुर्ची हातावर उचलून नेली. स्तूप दिसल्यावर बाबांनी डावा हात कपाळाला लावला, डोळे भरून आले. पण थोड्याच वेळात मान वळवून मागे बघत पुन्हा, "चौदा ऑक्टोबर." अंकुशनं स्तूपाकडे बोट दाखवलं, "हे काय बाबा, आलो ना!" तर ते रागानं मान हलवायला लागले. परतीच्या वाटेवर पाणीही प्यायले नाहीत.

घरी दार मी उघडलं. "चौदा ऑक्टोबर," ते म्हणाले, आणि माझ्या हातून तांब्याभर पाणी प्यायले. थकले होते.

अंकुश खाटेवर आडवा झाला. "मले समजलं. बाबाले तिथी नको, तारीख पाहिजे. आयुष्यभर त्याच्यासाठीच भांडले लोकांशी."

खरं आहे. विहाराच्या कमिटीत दरवर्षी हा वाद व्हायचा, दसऱ्याला की चौदा तारखेला. बाबा तारखेचे. ते म्हणायचे, "तिथी सरकते, तारीख आपल्या जागी बसून राहते."

६ ऑक्टोबर

बाबांनी दूधवाल्याला "एक मे" म्हटलं. आई म्हणाली, "हे पहा! कोणाशीही लग्न लावून राहिले आता." सगळे पोट धरून हसलो. बाबाही, अर्ध्या तोंडानं.

९ ऑक्टोबर

दुपारी त्यांचं अंग पुसताना नुसतं विचारलं, "बाबा, मी कोण?" त्यांनी डोळे मिटून घेतले. कंटाळून, जसं वर्गात तीच चूक पुन्हा करणाऱ्या पोरासमोर मी मिटते तसे.

पुन्हा विचारणार नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

फळ्यावर: १९३५, येवल्याची घोषणा. उद्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांना पांढरा सदरा घालून चाकाच्या खुर्चीतून विहारात नेलं. आई, प्रज्ञा, मी. अंकुशला सुट्टी मिळाली नाही. त्रिसरण, पंचशील झालं. बाबांचे ओठ हलत होते. मग त्यांची खुर्ची फळ्यापाशी आणली आणि मी लिहायला घेतलं. १९५६, नागपूर येथे धम्मदीक्षा, मोठ्या अक्षरांत. त्याखाली १९६४, मार्टिन ल्यूथर किंग यांना शांततेचा नोबेल जाहीर.

बाबांनी डाव्या हातानं खडू मागितला. दिला. त्यांनी तो फळ्याच्या खालच्या कोऱ्या भागावर टेकवला, एक वाकडी रेघ कशीबशी ओढली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चौदा ऑक्टोबर."

"हो बाबा, लिहिलं ना," मी म्हटलं. ते मान हलवत राहिले.

मागून आई म्हणाली, "एकच वर्ष हा फळा कोरा राहिला होता. आजच्याच दिवशी."

"आजच्या? धम्मदीक्षेच्या दिवशी? बाबांनी?"

"मंग काय. इथं भोंगा वाजून राहिला होता, लोकं जमले होते. हे हातात खडू घेऊन घरातून निघाले, अन् दारात तू. बॅग घेऊन. चेहरा असा उतरलेला तुझा. हे फिरले माघारी. तुले आत नेलं, चहा ठेवला स्वतः. कमिटीवाले बोलवाले आले, देवीदासभाऊ, फळा कोरा आहे, आज तरी लिहा! तर हे काय म्हणाले ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. मला भोंगा आठवतो. सासूनं बॅगेत कोंबलेल्या साड्या आठवतात. लोधीखेड्याहून सौंसर, सौंसरहून आपलं पांढुर्णा, दोन्ही बसमध्ये खिडकीकडे केलेलं तोंड आठवतं. तारीख मी कधी लक्षातच ठेवली नाही. लक्षात ठेवण्यासारखा दिवस तो नव्हताच, असं मला वाटायचं.

"म्हणाले, आज आमच्या घरचा दिनविशेष आहे. माझी अर्चना आली."

बाबा आईचं बोलणं ऐकत होते. त्यांनी खडू माझ्या ओंजळीत ठेवला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

फळ्यावर नवी तारीख लिहीत होते. ओट्यावरून बाबांची हाक आली, "चौदा ऑक्टोबर!"

"आली, बाबा."