बाबांच्या दुकानातला पिझ्झा

शनिवार, मुलुंड

आज बाबांच्या दुकानात पिझ्झा खाल्ला. आता ते बाबांचं राहिलेलं नाही, पण तोंडात तेच येतं. बाबा गेल्यावर दादाने जागा विकली. तेव्हापासून दोन वर्षं मी त्या रस्त्याने भाजीलाही गेले नाही, आणि दादाशी बोललेही नाही.

आज तिथे नव्या पिझ्झाच्या दुकानाचं उद्घाटन होतं. बाहेर फुगे, रांग, चीजचा वास. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात अशीच रांग वह्यांसाठी लागायची. मी आणि दादा कव्हरं घालून द्यायचो, बाबा प्रत्येक पोराला नावाने हाक मारायचे. कोऱ्या वह्यांचा तो वास... तोच शोधायला आत शिरले का मी? वेडीच आहे.

आत कोपऱ्यातल्या टेबलावर दादा एकटाच बसला होता. पिझ्झ्याला हातही लावला नव्हता.

"तू कशी इथे?"

"तू कसा?"

त्याने सरकून जागा केली. मग खाली बघत म्हणाला, "विकून टाक, असं बाबांनीच सांगितलं होतं गं. म्हणाले, तिला माझं नाव सांगू नकोस, रुसेल माझ्यावर."

"आणि तू दोन वर्षं गप्प बसलास?"

"म्हटलं, त्यांच्यापेक्षा माझ्यावर रुसलेली बरी."

त्याने गार झालेला एक तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. दोघांनी मिळून सगळा संपवला.

उद्या त्याला आणि वहिनीला जेवायला बोलावलंय. दादाला सुरमई लागते. सकाळी लवकर उठून बाजार गाठायला हवा.